पावसाळा ते तुळशीचं लग्न: घर चालवताना स्वतःला कसं सांभाळायचं?

सिंहगडरोडवाली:
जूनमध्ये शाळा उघडली की तुळशीच्या लग्नापर्यंत उसंत नसते. दमट कपडे, सर्दी-खोकला, मग गौरी-गणपती, नवरात्र, फराळ. घरात सासू-सासरे, आम्ही दोघं नोकरीवाले आणि शाळकरी मुलगी. एखादं काम राहिलं की दिवसभर मनातल्या मनात स्वतःलाच बोल लावणं चालतं. आखणी कशी करावी आणि हे बोल कसे थांबवावेत?

चातुर्मास:
ताई, आखणी मे महिन्यातच, भिंतीवरच्या कॅलेंडरवर करा. मागच्या वर्षीची तशीच उतरवू नका. 2025 मध्ये गणपती 27 ऑगस्टला बसले. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठामुळे 14 सप्टेंबर. सण 18 दिवस पुढे गेले की परीक्षांशी त्यांचा मेळ बदलतो. आधी सण आणि परीक्षा लिहा. मग प्रत्येक मोठ्या सणाच्या दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ खोडून टाका: पाहुणे नाहीत, आवराआवर नाही, रात्री मुगाची खिचडी. गौरी विसर्जनानंतर तर हे हवंच. विश्रांती 'वेळ उरला तर' ठेवली की ती होतच नाही.

कामं वाटताना "जरा मदत करा" म्हणू नका, कारण मग लक्षात ठेवण्याचं ओझं तुमच्याकडेच राहतं. अख्खं काम नावावर करा. भाजी म्हणजे यादी, मंडई, निवडणं, फ्रिजमध्ये लावणं, सगळं एकाच माणसाचं. सासरे बिलं बघतील, मुलगी स्वतःचं दप्तर आणि डबा. तुमच्या पद्धतीनं झालं नाही तरी मागून जाऊन पुन्हा करू नका. तिथेच सगळं फिसकटतं.

ओंकारेश्वरकाठ:
बोल लावण्याबद्दल. याच्या उलट असते स्वतःबद्दलची करुणा (सेल्फ-कंपॅशन). क्रिस्टिन नेफ या मानसशास्त्रज्ञांनी 2003 मध्ये तिची मोजपट्टी मांडली. त्यांच्या मांडणीत तीन गोष्टी आहेत: स्वतःशी मायेनं बोलणं, असं सगळ्यांचंच होतं हे ध्यानात ठेवणं, आणि जे वाटतंय ते न फुगवता, न दाबता ओळखणं. करून बघायचं तर रात्री पाच मिनिटं वही घ्या. मनातलं वाक्य जसंच्या तसं लिहा: "मी कशातच पुरी पडत नाही." खाली तेच धाकट्या बहिणीला सांगाल तसं लिहा: "डबे झाले, कपडे राहिले. दिवसभर पाऊस होता." खरं तेवढंच लिहा. "सगळं छान आहे" लिहिलं तर मन ते मानत नाही.

झोप उडणं, कशातच मन न लागणं दोन आठवड्यांहून जास्त टिकलं तर वहीवर विसंबू नका, डॉक्टरांकडे जा. टेलि-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा सरकारी क्रमांक 24 तास चालू असतो, मोफत.

भाजणी:
कपड्यांचं: पिळण्याची फेरी मशीनवर दोनदा लावा, दोरीवर कपड्यांत चार बोटं अंतर, वर पंखा, खिडकी किलकिली. कुबट वास सावकाश वाळताना जंतू वाढल्यानं येतो. जास्त साबणानं जात नाही. चादरी उघडीप मिळेल तेव्हाच.

फराळ बाहेरून घ्या, हे माझं स्पष्ट मत.

सिंहगडरोडवाली:
सासूबाईंना विकतचा चालत नाही.

भाजणी:
मग घरी दोनच पदार्थ, अनारसे आणि चकली. बाकीचं ओळखीतल्या, घरी करून देणाऱ्या बाईंकडून घ्या, आणि त्यांची निवड सासूबाईंनाच करू द्या. अनारशांचं पीठ दसऱ्यानंतर होतं, त्यामुळे ऐन दिवाळीत धावपळ नाही. तांदूळ तीन दिवस भिजवा, पाणी रोज बदला, चौथ्या दिवशी निथळून दमट असतानाच दळा, गूळ मिसळून गोळे मुरत ठेवा. तळताना अनारसा हसला (तेलात सुटून पसरला) तर गूळ जास्त झालाय; थोडं कोरडं तांदळाचं पीठ मळा. चकलीला भाजणीच्या वाटीमागे एक मोठा चमचा कडकडीत मोहन. जास्त पडलं तर तेलात तुटते, कमी पडलं तर दगड होते. सोऱ्या फिरवायचं काम मात्र यजमानांच्या नावावर करा, आणि तळणाला बसाल त्या दिवशी रात्रीचं जेवण तुम्ही करायचं नाही.