पीसीआरई-२ च्या रॅपरला ऑटोमेटेड टेस्ट: नेमकं काय तपासायचं?

रावपुराकर, बडोदा
पीसीआरई-२ ही मजकुरात नमुना (रेग्युलर एक्स्प्रेशन) शोधणारी लायब्ररी. तिच्या ८-बिट आवृत्तीवर सी++ चा रॅपर (वरचं आवरण) आहे, तो पत्त्यातून पिनकोड काढतो. इंग्रजी मजकुरावर सगळ्या टेस्ट पास. "रावपुरा, बडोदा ३९०००१" आधी जुळतच नव्हतं. यूटीएफ (मजकूर युनिकोड म्हणून वाचणं) आणि यूसीपी (अंक-अक्षरं ठरवताना युनिकोडचे नियम लावणं) हे दोन्ही फ्लॅग लावल्यावर जुळलं, पण पिनकोडची सुरुवात १५ ऐवजी ३९ येते. लायब्ररीच्या स्वतःच्या टेस्ट असतातच, मग आपण कुठवर तपासायचं?

जुनी-इंदूर
३९ बरोबर आहे, तो बाइटचा हिशेब. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या एका कोडपॉइंटला (अक्षर, मात्रा अशा प्रत्येक चिन्हाला) ३ बाइट: "रावपुरा" २१, स्वल्पविराम आणि स्पेस २, "बडोदा" १५, स्पेस १. १५ हवेत तर रूपांतर रॅपरनं करायचं, आणि टेस्ट त्या रूपांतराची लिहायची. जुळणी इंजिनाचं काम, ते पुन्हा तपासण्यात वेळ घालवू नका.

खरी फसगत गटांत, म्हणजे पॅटर्नमधल्या कंसांत होते. `(क)|(ख)` ला "ख" दिलं की जुळणीच्या फंक्शनकडून ३ (जुळलेल्या शेवटच्या गटाचा क्रमांक अधिक १) परत येतात आणि पहिला गट अनसेट (जुळणीत न आलेला) असतो. "क" दिलं की २ च येतात. परत आलेल्या आकड्याइतकाच लूप फिरवला तर यादीची लांबी इनपुटप्रमाणे बदलते. दोन्ही वेळा ३ च हवी, असं असर्ट करा. `(क)?ख` आणि `(क?)ख` यांनाही "ख" द्या: पहिल्यात गट अनसेट, दुसऱ्यात रिकामी स्ट्रिंग. अनसेटच्या खुणेला ऑफसेट (जागेचा आकडा) समजून सबस्ट्रिंग काढली तर प्रोग्राम कोसळू शकतो.

लष्करकर, ग्वाल्हेर
"सगळे शोधा" असं फंक्शन असेल तर "खग" वर `क*` चालवा. उत्तर बाइटमध्ये ०, ३, ६. पुढे सरकलंच नाही तर लूप अडकतो, म्हणून टेस्टला टाइमआउट हवाच. एकच बाइट सरकलं तर "ख" च्या मधोमध पडतं आणि एरर -३६ (सुरुवातीची जागा चुकीची) येते. रिकामी जुळणी मिळाली की त्याच जागी नॉट-एम्प्टी-ॲट-स्टार्ट (इथे रिकामी जुळणी नको) आणि अँकर्ड (इथूनच जुळायला हवं) हे फ्लॅग लावून पुन्हा बघायचं, नाही जुळलं तर अख्खा कोडपॉइंट ओलांडायचा.

३० वेळा "क" आणि शेवटी "ख", त्यावर `(क+)+$`: इथे -४७, म्हणजे मॅच लिमिट (जुळवून बघण्याच्या प्रयत्नांची मर्यादा) संपली. काही रॅपर याला -१ सारखंच "जुळलं नाही" म्हणून मोकळे होतात, ते फार घातक. डिफॉल्ट लिमिट १ कोटी आहे. टेस्टमध्ये १००० ठेवा. जेआयटीत (पॅटर्नचा मशीन-कोड बनवून चालवण्याच्या पद्धतीत) ती वेगळ्या रीतीनं मोजतात, तिथे नेमक्या काठावरची टेस्ट नको.

रावपुराकर, बडोदा
शहराचं नाव `\w+` नं (सलग शब्द-अक्षरं) उचलतो, तिथेही टेस्ट हवी का?

जुनी-इंदूर
हवीच. १०.४३ पासून यूसीपीसह "इंदूर" अखंड येतं, आधी इ, द, र असे तुकडे पडत. "बडोदा" मात्र आजही "बड" आणि "द", कारण ओकार-काना `\w` मध्ये धरत नाहीत. सीआयमध्ये (आपोआप टेस्ट चालवणाऱ्या यंत्रणेत) लायब्ररीची जुनी-नवी दोन्ही आवृत्ती लावा.