पाण्याच्या रेघेचा सराव कुणाचा?

विश्वामित्रीकाठची
ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्री २५ फुटांची धोक्याची खूण ओलांडून खूप वर गेली, मगरी सोसायट्यांच्या आवारात शिरल्या. हे बडोद्यात सगळ्यांनी पाहिलंय. पाणी ओसरलं, पण नदीकाठच्या कित्येक बायकांना पाऊस सुरू झाला की झोप लागेना. मी समुपदेशक आहे. दर शनिवारी आम्ही एकत्र बसायला लागलो आणि त्यातून मी २४ पानांची एक पुस्तिका लिहिली.

त्यात एक सराव आहे. पुराची जी मळकट रेघ भिंतीवर उरते तिच्यावर बोट टेकवायचं, श्वास सावकाश सोडायचा, मग बोट हळूहळू वर, कोरड्या भिंतीवर न्यायचं. खाली ठळक अक्षरांत लिहिलंय: ‘हात थरथरला, छाती भरून आली तर थांबा. एकटीने करू नका.’

गेल्या महिन्यात एका संस्थेने शिबिरात हीच पानं वाटली. माझं नाव नाही, वर त्यांचा शिक्का. तेही गिळलं असतं. पण ती ठळक ओळ काढून तिथे छापलंय, ‘रोज दहा मिनिटे, न चुकता.’ शिबिराला गेलेल्या एकीने घरी एकटीने केलं, आणि रात्रभर उठून उठून नळ बंद आहे का ते बघत राहिली.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. मनावरच्या आघाताचं काम असेल तर मूळ लेखकाचं नाव सक्तीने हवं, आणि विचारल्याशिवाय एक शब्द बदलायचा नाही. तुम्हाला काय वाटतं?

रावपुरा
ताई, त्या बाईंचं वाचून वाईट वाटलं. तरी सक्ती मला पटत नाही. श्वास सोडण्यावर कुणाची मालकी असणार? बिक्रम चौधरींनी अमेरिकेत २६ आसनं आणि दोन श्वसनप्रकार यांच्या क्रमावर कॉपीराइट सांगितला होता. २०१५ साली तिथल्या अपील न्यायालयाने तो नाकारला, ते बरंच झालं. माझे सासरे पुरानंतर तीन आठवडे बोलत नव्हते. त्यांना ज्याचा उपयोग झाला तो कुणीतरी आणून दिलेला झेरॉक्सचा कागद होता. त्यावर कुणाचंच नाव नव्हतं. परवानगी मागत बसले असते तर तो आमच्यापर्यंत पोचलाच नसता.

काळा कोट
मी वकिली करते. तुम्ही दोघं दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलताय. नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद यांच्या खटल्यात सांगितलंय. म्हणजे रेघेवर बोट ठेवणं कुणालाही मोकळं. पण ताईंची वाक्यं, चित्रं, मांडणी ही त्यांची. १९५७ च्या कायद्यात त्यासाठी नोंदणीचीही अट नाही.

त्यातलं कलम ५७ बघा. लेखक श्रेय मागू शकतो, आणि त्याच्या नावलौकिकाला धक्का लागेल अशी मोडतोड अडवू शकतो. कॉपीराइट विकून टाकला तरी हा हक्क उरतो. सावधगिरीची ओळ काढण्यावर या कलमाखाली बोट ठेवता येईल. ताई, आधी साधं पत्र पाठवा. मूळ फाइल तारखेसकट जपून ठेवा.

शनिवार सोडून
मी याच क्षेत्रात आहे आणि माझं मत ताईंच्या बाजूचं. नाव म्हणजे मागे जाऊन विचारण्याची वाट. ईएमडीआर, म्हणजे डोळ्यांच्या हालचालींचा वापर करणारी आघातावरची उपचारपद्धत, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रान्सिन शापिरोंना १९८७ मध्ये सुचली, १९८९ मध्ये त्यांनी पहिला अभ्यास छापला. आज कुणी ‘डोळे डावीकडे-उजवीकडे फिरवा, दुःख जाईल’ एवढंच सांगतं, तेव्हा मूळ काम माहीत असलेला माणूस विचारतो, आठ टप्प्यांपैकी बाकीचे कुठे गेले? आठवणीला हात घालण्याआधीची तयारी कुठे गेली? नाव पुसलं की हे विचारायलाही जागा राहत नाही.

रावपुरा
पण नावामागोमाग फी येते. प्रशिक्षण, प्रमाणपत्र, नूतनीकरण. दर पायरीला पैसे. आमच्या सासऱ्यांसारखे लोक बाहेरच राहतात.

विश्वामित्रीकाठची
फी मी कधीच घेतली नाही, घेणारही नाही. विपश्यनेची शिबिरं दानावर चालतात, तरी ती शिकवणारे गोएंका गुरुजी प्रत्येक वेळी आपले गुरू सयाजी ऊ बा खिन यांचं नाव घ्यायचे, आणि शिकवायला वाटेल त्याला बसवत नव्हते. फुकट आणि बेवारस यांत फरक आहे, रावपुराभाऊ. झेरॉक्स काढा, हव्या तितक्या काढा. फक्त नाव आणि ती ठळक ओळ राहू द्या.

रावपुरा
ओळीचं मान्य. सक्तीचं अजूनही नाही.

गटातली
ताई, मी शनिवारी यायचे. इथे लिहू की नको, दोन दिवस विचार करत होते. पान ११ वर एक वाक्य आहे, ‘गादी उचलली तर खालून नदी निघाली.’ ते मी म्हटलं होतं. रडत म्हटलं होतं. तुम्ही नाव घातलं नाहीत, पण मला विचारलंही नाहीत. माझ्या जाऊबाईंनी वाचलं आणि लगेच ओळखलं, कारण घरीही मी तेच बोलले होते. त्यानंतर मी आले नाही.

काळा कोट
२०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो. शनिवारचा गट म्हणजे दवाखाना नव्हे, त्यामुळे ते कलम इथे कितपत लागेल हा वेगळा प्रश्न. विचारायला मात्र हवं होतं.

विश्वामित्रीकाठची
हो, हवं होतं. ते वाक्य मला इतकं खरं वाटलं की कुणाचं आहे हे मी विसरले. जे त्या संस्थेने माझ्याशी केलं तेच मी तुमच्याशी केलं, तेही तुम्ही माझ्यासमोर बसलेल्या असताना. मला माफ करा. आजपासून पान ११ काढून पुस्तिका वाटेन. बाकीच्या पानांवर ज्यांची वाक्यं आहेत त्या नऊजणींकडे मी स्वतः जाऊन विचारेन. आणि त्या संस्थेला पत्र आधी हे झाल्यावरच.

तुम्हाला ते वाक्य राहायला हवंय का? हवं असेल तर खाली काय लिहू?

गटातली
राहू द्या. खाली ‘गटातली एक’ लिहा. आणि गादी नव्हती ताई, गोधडी होती. आईने शिवलेली.