टाचेच्या मेलॅनोमानंतर यकृतात गाठी: पुन्हा तुकडा तपासावा का, आणि औषध कोणते?

देवगडकर (प्रश्न)

नमस्कार. माझी आई ६१ वर्षांची आहे. तिच्या डाव्या टाचेवरचा काळा डाग काढल्यावर तो मेलॅनोमा (रंगपेशींचा कर्करोग) असल्याचे निदान झाले आणि पुढे जांघेतील गाठींचीही शस्त्रक्रिया झाली. आता नेहमीच्या सोनोग्राफीत यकृतात तीन-चार गाठी दिसल्या आहेत. तिला कावीळ नाही, जेवण बरे आहे, आंब्याच्या बागेतही एक फेरी मारून येते. डॉक्टरांनी सुईने तुकडा काढून तपासण्याचा सल्ला दिला आहे. परंतु गाठीला सुई लावली की रोग पसरतो, असे वाडीतले सगळेच सांगतात, आणि मूळ रोग ठाऊक असताना पुन्हा तुकडा कशाला, असे वडिलांचे म्हणणे आहे. मुंबईच्या मावसभावाने टेबेंटाफस्प नावाच्या नव्या इंजेक्शनची माहिती पाठवली आहे. ते आईला चालेल का? आधी काय करावे?

निवृत्त पॅथॉलॉजिस्ट, रत्नागिरी

वडिलांची शंका रास्त आहे, तरीही तुकडा तपासावा असेच मी सांगेन. सोनोग्राफीत दिसणारी यकृतातील प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. हिमँजिओमा नावाचे रक्तवाहिन्यांचे निरुपद्रवी गुच्छ धडधाकट माणसांतही पुष्कळदा सापडतात. त्यामुळे प्रथम शिरेतून कॉन्ट्रास्ट देऊन यकृताचा एमआरआय किंवा तीन टप्प्यांचा सीटी स्कॅन करून घ्यावा. मेलॅनोमातील काळे रंगद्रव्य एमआरआयच्या काही प्रतिमांत उजळ दिसते व त्यावरून अंदाज बांधता येतो, मात्र काही मेलॅनोमांत रंगद्रव्य जवळजवळ नसतेच. उरलेल्या शरीरासाठी पेट-सीटी (जास्त साखर वापरणाऱ्या पेशी दाखवणारा स्कॅन) करतात. मेंदूचा एमआरआय मात्र वेगळा करावा लागतो, कारण मेंदू मुळातच भरपूर साखर वापरत असल्याने तेथील लहान गाठी पेटमध्ये झाकल्या जातात.

सुईच्या वाटेवर पेशी रुजल्याची उदाहरणे आहेत, पण ती विरळ. यकृताच्या बायोप्सीत खरी काळजी रक्तस्रावाची असते, म्हणून आधी प्लेटलेट आणि रक्त गोठण्याची तपासणी करतात. आई रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असतील तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. आलेल्या तुकड्यावर एस-१००, सॉक्स-१०, एचएमबी-४५ आणि मेलॅन-ए ही रंजके वापरून पेशी मेलॅनोमाच्याच आहेत का हे पाहतात. बीआरएएफ, किट आणि एनआरएएस या जनुकांतील बदलही त्याच ऊतींवर तपासता येतात. तुकडा अपुरा पडला तर टाचेच्या किंवा जांघेतील गाठीच्या शस्त्रक्रियेचा मेणाचा ब्लॉक (मेणात जपून ठेवलेला ऊतींचा तुकडा) उपयोगी पडतो. तो मूळ रुग्णालयातून रीतसर अर्ज करून घ्या. लोक केवळ अहवालाची झेरॉक्स घेऊन मुंबईला जातात आणि ब्लॉकसाठी पुन्हा गावी परततात.

कर्करोगतज्ज्ञ, मुंबई (मूळ गाव राजापूर)

वरील उत्तराशी सहमत आहे. टेबेंटाफस्पला अमेरिकेत जानेवारी २०२२ मध्ये मान्यता मिळाली ती डोळ्यात सुरू होणाऱ्या युव्हिअल मेलॅनोमासाठी, आणि तीही एचएलए-ए*०२:०१ हा ऊतिप्रकार असलेल्या रुग्णांसाठीच. आपल्या आईंचा रोग तळपायाचा, म्हणजे ॲक्रल प्रकारचा आहे. आपल्याकडे त्वचेच्या मेलॅनोमात हाच प्रकार ठळकपणे दिसतो. दोन्ही रोग यकृतात पोहोचले तरी त्यांची मूळ जनुकीय घडण निराळी असते, त्यामुळे औषधेही निराळी.

आपल्या आईंसाठी मुख्य पर्याय इम्युनोथेरपीचा, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती रोगाविरुद्ध कामाला लावणाऱ्या औषधांचा आहे: निव्होलुमॅब किंवा पेंब्रोलिझुमॅब एकटे, अथवा निव्होलुमॅबसोबत इपिलिमुमॅब. जोडऔषधाच्या मोठ्या चाचणीत १० वर्षांनंतर सुमारे ४३ टक्के रुग्ण हयात होते, हा आकडा आपल्याला महाजालावर दिसेलच. तो खरा आहे. पण त्या चाचणीतील जवळजवळ सर्व रुग्ण गौरवर्णीय होते, आणि ॲक्रल प्रकारात तसेच यकृतात रोग असताना या औषधांचा प्रतिसाद कमी मिळतो. तो आकडा आईंना जसाच्या तसा लावू नये. बीआरएएफचा व्ही६०० बदल सापडल्यास डॅब्राफेनिब आणि ट्रॅमेटिनिब या गोळ्यांनी गाठी लवकर आटोक्यात येऊ शकतात, मात्र ॲक्रल प्रकारात तो बदल तुलनेने कमी आढळतो. किटमध्ये योग्य जागी बदल असेल तर इमॅटिनिबचा काहींना उपयोग होतो. रोग यकृतापुरता आणि मोजक्या गाठींचा असेल, तर शस्त्रक्रिया किंवा सुईने गाठ जाळण्याचा विचार बैठकीत सर्व तज्ज्ञांनी मिळून करावा.

खर्चाबद्दल स्पष्ट बोलतो. पूर्ण मात्रेतील इम्युनोथेरपी सामान्य घराला परवडत नाही. टाटा रुग्णालयाने कमी मात्रेतील निव्होलुमॅबची चाचणी केली ती तोंड-घशाच्या कर्करोगात. मेलॅनोमासाठी तोच पुरावा मानता येणार नाही, तरी पर्याय म्हणून डॉक्टरांशी बोलायला हरकत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आणि कंपन्यांच्या साहाय्य योजनांत काय बसते, हे औषध सुरू होण्यापूर्वी रुग्णालयातील समाजसेवा विभागाकडे विचारा.

कुडाळची वाचक

माझ्या थोरल्या दिरांचा डोळा याच रोगामुळे काढावा लागला, म्हणून डोळ्याच्या प्रकाराविषयी लिहिते. इतर वाचकांना उपयोग होईल. डोळ्याच्या आत लसिकावाहिन्या (ऊतींतील द्रव गाठींकडे नेणाऱ्या नळ्या) नसल्याने हा रोग रक्तावाटे पसरतो आणि बहुतेकदा प्रथम यकृतातच उतरतो. डोळ्यावरचे उपचार यशस्वी झाले तरी जवळपास निम्म्या रुग्णांत कधी ना कधी तो पसरतो, काहींत दहा वर्षे उलटल्यावरही. म्हणून दिरांच्या यकृताची तपासणी आम्ही चुकवत नाही. आम्हाला मुंबईपेक्षा बांबोळीचे गोवा मेडिकल कॉलेज जवळचे आहे. देवगडहूनही पहिल्या सल्ल्यासाठी त्याचा विचार करता येईल.

देवगडकर

सर्वांचे मनापासून आभार. वडील बायोप्सीला तयार झाले आहेत. एकच विचारायचे राहिले: आई रोज सकाळी गुळवेलीचा काढा घेते, तो चालू ठेवावा का?

कर्करोगतज्ज्ञ, मुंबई (मूळ गाव राजापूर)

काढा आजच थांबवा. गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांत प्रतिकारशक्तीनेच यकृतावर हल्ला केल्यासारखी हिपॅटायटिस (यकृताची सूज) आढळल्याचे मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले आहे. इम्युनोथेरपीचा एक गंभीर दुष्परिणामही नेमका असाच असतो. उद्या रक्तात यकृताची एन्झाइम्स वाढली तर दोष काढ्याचा, औषधाचा की रोगाचा हे ठरवणे अवघड जाईल आणि उपचार विनाकारण थांबवावे लागतील. उपचारापूर्वी हिपॅटायटिस बी व सी, थायरॉइड आणि एलडीएच या रक्ततपासण्या करून घ्या. औषध सुरू झाल्यावर वारंवार जुलाब, धाप, डोळे पिवळे होणे किंवा असह्य थकवा जाणवल्यास घरगुती उपाय न करता त्याच दिवशी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना फोन करा; स्टेरॉइड वेळेवर सुरू केल्यास यातील बहुतेक त्रास आटोक्यात येतात.