संधिप्रकाश, तिन्हीसांज की कातरवेळ?

लॉर्ड डनसेनी या आयरिश लेखकाची १९२४ सालची 'द किंग ऑफ एल्फलँड्स डॉटर' वाचते आहे. रोज चार-पाच पानं, तीही मोठ्याने; मनातल्या मनात वाचली तर तिची लय हाती लागत नाही. गोष्ट तशी थोडकी आहे. अर्ल नावाच्या मुलखातल्या पंचांना आपल्यावर जादू जाणणारा राजा हवा असतो, म्हणून युवराज अल्व्हेरिक परीलोकात जाऊन तिथल्या राजकन्येला, लिराझेलला, घेऊन येतो. पण पुस्तकाचा सगळा जीव आहे तो दोन जगांमधल्या हद्दीत, आणि माझं घोडंही तिथेच अडलंय.

ही हद्द भिंतीची नाही, नदीची नाही. उजेडाची आहे. मूळ शब्द 'ट्वायलाइट'. तिच्या अलीकडे शेतं आणि घरं, पलीकडे काळ जवळजवळ थिजलेला. अल्व्हेरिक तिथे जरासा रेंगाळतो आणि परततो तर इकडे वर्षंच्या वर्षं उलटलेली.

या 'ट्वायलाइट'ला मराठी शब्द शोधताना वहीत मी आधी 'कातरवेळ' लिहिलं. वाचायला फार गोड. पण कातर म्हणजे भ्यालेलं, व्याकूळ. या शब्दात हुरहूर इतकी भरली आहे की हद्द यायच्या आधीच वाचकाचं मन भरून येईल. ते खोडून 'तिन्हीसांज' लिहिलं. आजी म्हणायची, तिन्हीसांजेला उंबऱ्यावर बसू नये. वेळ दोन प्रहरांच्या मधली, जागा आत-बाहेरच्या मधली, आणि अशा ठिकाणी माणसाने थांबायचं नाही! अल्व्हेरिकची गोष्ट याहून नेमकी कोण सांगणार? तरी अडचण उरतेच. कातरवेळ काय, तिन्हीसांज काय, दोन्ही वेळेची नावं. 'तिन्हीसांजेपलीकडे गेला' म्हटलं की रात्र झाली असं वाटतं. इथे तर तो उजेड दिवसभर जागेवरच उभा आहे.

मग राहिला भूगोलाच्या पुस्तकातला 'संधिप्रकाश'. मी तो आधी रुक्ष म्हणून बाजूला ठेवला होता. पण त्याची फोड करून पाहिली आणि चूक कळली. संधी म्हणजे सांधा. दोन जगांच्या सांध्यावरचा प्रकाश! शिवाय तो वेळेचं नाही, उजेडाचं नाव आहे. आता माझं मत त्याच्याच बाजूने आहे, फक्त मोठ्याने वाचताना तो जोडाक्षरांसकट जिभेवर जड पडतो.

दुसरा शब्द मात्र लगेच सापडला. आपल्या या रोजच्या जगाला डनसेनी पुन्हा पुन्हा 'आपल्या ओळखीची शेतं' अशा अर्थाचं म्हणतो. त्याला 'शिवार'. नुसतं शेत नव्हे, गावाच्या हद्दीतली सगळी जमीन, आणि हद्दीला आपण म्हणतो शीव. (मुंबईचं शीव हे नावही त्यातलंच.) 'शिवारापलीकडे' म्हटलं की परीलोक आपसूक शिवेच्या पल्याड जातो.

पहाटेच्या उजेडाला आपल्याकडे 'झुंजूमुंजू' आहे. तसा संध्याकाळच्या नुसत्या उजेडाला, वेळेला नव्हे, तुमच्या भागात काही शब्द आहे का? कोकणात, खानदेशात, वऱ्हाडात? वापरातलं एखादं वाक्यही सोबत द्या.