'निप्पॉन' शिक्का म्हणजे जुनंच, असं नाही

एकाने विचारलंय की चिनी मातीच्या बशीखाली 'हँड पेंटेड निप्पॉन' (निप्पॉन म्हणजे जपानी भाषेत जपान) असा शिक्का आहे, तर ती शंभर वर्षांची धरायची का. शिक्का अस्सल असेल तर हो. अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्याने आयात मालावर मूळ देशाचं नाव सक्तीचं केलं, म्हणून १८९१ पासून जपानी मालावर 'निप्पॉन' दिसू लागलं. १९२१ मध्ये अमेरिकी कस्टम्सने 'जपान' असंच हवं म्हणून सांगितलं आणि ते थांबलं.

गोम अशी की नोरिताके या जपानी चिनी मातीच्या कंपनीच्या 'एम' आणि पानांच्या वेढ्याच्या शिक्क्याच्या नकला बाजारात पैशाला पासरी आहेत. त्यामुळे आधी चित्र बघा, मग शिक्का. दहापट भिंगातून बारीक ठिपक्यांची जाळी दिसली, तर ते छापील डेकल, म्हणजे वरून चिकटवलेलं छापील चित्र. हाताने रंगवलेल्या गुलाबात कुंचला टेकतो तिथे रंग दाट असतो, पुढे विरत जातो, आणि दोन फुलं तंतोतंत जुळत नाहीत. पुष्कळदा मात्र बाह्यरेषा छापील आणि आतला रंग तेवढा हाताचा असतो. विक्रेते त्यालाही बिनदिक्कत 'हँड पेंटेड' म्हणतात.

आणि हो, सोनेरी काठाची बशी मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, ठिणग्या उडतात. डिशवॉशरमध्ये सोनं हळूहळू उतरतं.