सुदानसाठी कंटेनर पाठवण्याआधी

प्रेषक: खजिनदार, नैरोबी

सर्वांस सप्रेम नमस्कार.

गणेशोत्सवात सुदानच्या मदतीसाठी जमलेली रक्कम अजून मंडळाच्या खात्यातच पडून आहे. नाशिकला परतलेल्या आपल्या मंडळींचा प्रस्ताव असा, की तीत थोडी भर घालून लासलगाव-निफाड भागातून वाळवलेला कांदा आणि सोबत डाळी घ्याव्यात, आणि न्हावाशेव्याहून थेट पोर्ट सुदानला कंटेनर रवाना करावा. माल चांगला आहे, भावही रास्त आहे. दुसरं म्हणजे, काही सभासद विचारतात की मोठ्या संस्था राजधानी खार्तूम सोडून बंदरावर येऊन बसल्या आहेत, तर त्यांच्या हाती पैसे द्यायचे कशाला? नाशिकच्या ताईंनी तिथे काम केलं आहे. त्यांनी लिहावं ही विनंती.

प्रेषक: नाशिकहून

काका, नमस्कार.

कांद्याची कल्पना आमच्या गंगापूर रोडच्या शेजाऱ्यांची. त्यांची तळमळ मी रोज बघते. तरीही कंटेनर पाठवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी ‘येऊन बसल्या’बद्दल. १५ एप्रिल २०२३ला लष्कर आणि आरएसएफ हे निमलष्करी दल यांच्यात लढाई पेटली, आणि त्याच सुमारास पश्चिम सुदानच्या उत्तर दारफुर प्रांतात कबकाबियाला जागतिक अन्न कार्यक्रमाचे तीन कर्मचारी मारले गेले. खार्तूममध्ये कार्यालयं लुटली गेली, विमानतळावर गोळीबार चालू होता. तिथे थांबणं शक्यच नव्हतं. मीही ऑपरेशन कावेरी या भारत सरकारच्या सुटका मोहिमेतून पोर्ट सुदान-जेद्दाहमार्गे मायदेशी आले. आमची हिशेब बघणारी सहकारी मात्र खार्तूमचीच. तिच्यासाठी कुठलं विमान येणार? ती आईला घेऊन दक्षिणेकडच्या वाद मदनी शहरात गेली. बऱ्याच संस्थांनीही तिथेच नवं बस्तान मांडलं होतं. डिसेंबर २०२३मध्ये आरएसएफने तेही शहर घेतलं आणि सगळ्यांना पुन्हा उठावं लागलं. तिथलं अन्न कार्यक्रमाचं गोदाम लुटलं गेलं. त्यात जवळपास १५ लाख लोकांना महिनाभर पुरेल एवढं धान्य होतं.

कार्यालय हलवलं की खुर्च्या-संगणक हलतात, ओळखी हलत नाहीत. कुठल्या नाक्यावर कोणाशी बोलायचं, कुठल्या वस्तीत विहीर आटली आहे, कुठली बाई एकटी चार लेकरं सांभाळते आहे, हे माहीत असणारी माणसं मागे राहतात किंवा वाट फुटेल तिकडे पांगतात. मग बंदरावरचा अधिकारी फोनवरून विचारत राहतो, आणि गोळ्यांखालून जाऊन पाहून येणारा असतो तिथलाच एखादा पोरगा. त्याला ना तेवढा पगार, ना तसा विमा. या स्थलांतरातली मला सर्वात बोचणारी गोष्ट ही आहे.

पोर्ट सुदानहून दारफुरमधलं अल-जिनेना सरळ रेषेत मोजलं तरी नाशिक-कोलकात्याहून लांब पडतं, आणि मध्ये युद्धाची आघाडी. शेजारच्या चाड देशातल्या आद्रेहून तेच गाव अगदी जवळ. पण लष्कराच्या सरकारने फेब्रुवारी २०२४मध्ये आद्रेच्या वाटेने मदत न्यायला बंदी घातली, ती ऑगस्टमध्ये उठली. तोवर पावसाने वाटा तोडल्या होत्या आणि दारफुरमधल्या झमझमच्या विस्थापितांच्या छावणीत दुष्काळ जाहीर झाला होता. शिवाय संस्थांचं कार्यालय लढणाऱ्या एका बाजूच्या, म्हणजे लष्कराच्या, ताब्यातल्या शहरात. व्हिसा त्यांचा, प्रवासाचा परवाना त्यांचा, ट्रकमागे कागद त्यांचे. पलीकडे आरएसएफची यंत्रणा वेगळे कागद मागते, आणि तुम्ही शत्रूच्या गावात राहता म्हणून संशयही घेते. मे २०२५मध्ये बंदरावरच ड्रोन पडले, इंधनाचे साठे पेटले, तेव्हा ‘सुरक्षित’ म्हणून निवडलेलं ठिकाणही तसं उरलं नाही.

आता आपला कंटेनर डोळ्यांसमोर आणा. जकात माफीचा कागद, मालाची तपासणी, सही होईपर्यंत बंदराचं भाडं. तो सुटला तरी पुढे न्यायचा कोणी? कित्येक ठिकाणी बाजारात धान्य आहे, लोकांच्या हातात पैसा नाही. तिथे पैसाच पोचवायला हवा. मोहल्ल्यातल्या तरुणांनी उभारलेल्या आपत्कालीन मदत कक्षांच्या सामुदायिक चुली त्याच पैशांवर पेटतात. या कक्षांना २०२५चा राइट लाइव्हलिहुड पुरस्कार मिळाला.

प्रेषक: सभासद, नैरोबी

ताई, पटलं. पण मी लेखापरीक्षणात काम करतो, म्हणून विचारतो. नोंदणी नसलेल्या गटांना पैसे दिले तर पावत्या कुठल्या? निदान जेवण वाटतानाचे फोटो आणि लाभार्थींची यादी तरी मागायला हवी ना? सर्वसाधारण सभेत मला उत्तर द्यावं लागेल.

प्रेषक: नाशिकहून

तुझा प्रश्न रास्त आहे, दादा. पण यादी आणि फोटो कृपा करून मागू नका. या स्वयंसेवकांना दोन्ही बाजूंनी पकडलं आहे. चेहरा आणि नाव दिसलं की कोणीतरी दार ठोठावतं. कक्ष आपला हिशेब ठेवतात: कोणत्या चुलीला किती रक्कम, त्यातून काय खरेदी, अंदाजे किती ताटं. तेवढ्यावर समाधान मानू. पैसा बहुतेक ‘बँकक’ या मोबाइल ॲपवरून फिरतो. फेब्रुवारी २०२४मध्ये देशभर नेटवर्क बंद पडलं तेव्हा खार्तूममधल्या कित्येक चुली विझल्या. पुढच्या वर्षी अमेरिकेने मदत गोठवली तेव्हा पुन्हा तेच. म्हणून एकदम सगळी रक्कम देऊन मोकळं होण्यापेक्षा महिन्याला थोडी, पण ठरलेली द्या. पैसे देताना, या कक्षांबरोबर आधीपासून काम करणाऱ्या नोंदणीकृत संस्थेमार्फत द्या, म्हणजे तुला सभेत दाखवायला तिची पावती मिळेल. आणि त्या संस्थेला एक अट घाला: स्थानिक कर्मचाऱ्यांचा पगार आणि विमा यांना ‘वरखर्च’ म्हणून कात्री लावायची नाही.

प्रेषक: खजिनदार, नैरोबी

कंटेनरचा प्रस्ताव मागे घेतो. नाशिकच्या मंडळींशी मी आज बोललो. कांद्यासाठी जमवलेले पैसेही याच कामाला द्यायला ते तयार आहेत. मासिक रकमेचा ठराव रविवारच्या बैठकीत मांडतो. ताई, स्थानिक कर्मचाऱ्यांबद्दलची अट नेमक्या शब्दांत लिहून पाठवाल का?