प्रतिसाद: मालवणच्या सागरी शिबिराला ११ वर्षांची मुलगी पाठवावी का?

वर खर्च आणि राहण्याची चर्चा झालीच आहे. मी आधी शिबिराची तिथी पाहीन. खडकाळ किनारा खरा उघडतो तो अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, उधाणाच्या (सर्वांत मोठ्या भरती-ओहोटीच्या) ओहोटीला. अष्टमीच्या सुमारास भांग (लहान भरती-ओहोटी) असतो, पाणी फारसं उतरत नाही. कोकणातला जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची ढोबळ वेळ, त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी बाराला. म्हणजे डोक्यावर ऊन आणि बघायला थोडंच. खडकावर ओहोटीच्या तासभर आधी उतरावं, पाणी फिरलं की परतावं. आयोजकांना ही वेळ सांगता आली नाही, तर काय ते समजा.

पायात चपला नकोत, शेवाळावर घसरतात; मागून बंद, खाचांच्या तळाचे बूट हवेत. सुंदर शंख उचलू देऊ नका, कोन शंखाचा दंश विषारी असतो. पाकटाचा (शेपटीत विषारी काटा असलेल्या चपट्या माशाचा) काटा लागला तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात (४५ अंशांपर्यंत; आधी मोठ्याने हात घालून पाहावा) बुडवून दवाखाना गाठायचा. प्रवाळ आणि समुद्री घोडे घरी आणणं १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

स्कूबाचा 'पाडी' (PADI, डायव्हिंग शिकवणारी संस्था) हिचा ज्युनियर कोर्स १० वर्षं पूर्ण झाल्यापासून करता येतो, पण ११ वर्षांपर्यंत खोलीची मर्यादा १२ मीटर. दमा किंवा कानाचा त्रास फॉर्मवर लपवू नका. सर्दी असेल तर त्या दिवशी डुबकी नाहीच, कानातला दाब सुटत नाही.